टोपलीत उरलेला नारळ

दादा, काल नारळी पौर्णिमा झाली. तुला जाऊन दीड महिना झाला, आणि या दीड महिन्यात मी तुझ्याशी जेवढा भांडलो तेवढा तू असताना वीस वर्षांत भांडलो नसेन. वर्गात मुलं तेविसाचा पाढा म्हणतात आणि मी येरझाऱ्या घालत मनातल्या मनात तुला उत्तरं देतो. परवा त्या नादात 'पहिला तो पहिलाच, त्याला दुसरं काय म्हणणार' असं मोठ्याने बोलून गेलो. पाढा थांबला. मास्तर कोणावर रागावले, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आपलं भांडण नारळाचं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण माझी बाजू तू कधी धड ऐकून घेतली नाहीस. मी दोन वाक्यं बोललो की तू जाळं विणायला घ्यायचास आणि 'बोल, आयकतो मी' म्हणायचास. जाळ्याकडे बघत ऐकणारा माणूस किती ऐकतो ते मला कळतं. माझ्या वर्गात तसे वीस बसतात.

तर कल्याणच्या बंदरावरची आपली होड्यांची शर्यत. पूजा झाली, मानाचा नारळ खाडीत सोडला, की ओहोटीच्या शेवटच्या पाण्यावर निघायचं, डोंबिवलीच्या अंगाला खाडीत रोवलेल्या बांबूला वळसा घालायचा आणि भरतीबरोबर परत धक्क्याला लागायचं. पहिल्या होडीच्या तांडेलाला व्यापारी पागोटं बांधायचे, ताशा लागायचा, त्याला खांद्यावर घेऊन कोळीवाडाभर मिरवायचे. बाकीच्यांना काही नाही. ते आपापल्या होड्या बांधून मागच्या वाटेने घरी जायचे. आपल्या घरी खुंटीवर तुझी पाच पागोटी होती. आई त्यांना ऊन दाखवायची आणि आम्ही हात लावला तर ओरडायची. मी तुझ्या होडीत उजव्या अंगाला वल्हं मारायचो, आणि माझं पागोटं कुठल्या खुंटीवर टांगायचं ते तेव्हाच ठरवून ठेवलं होतं.

तुला सहावं पागोटं बांधलं त्याच दिवशी आपल्या कोळीवाड्यातल्या हिराजीकाकांचा धाकटा भाऊ म्हादू गेला. त्याची होडी परत येताना वळणावर चिखलाला लागून उलटली. त्याच्या गड्यांनी कसाबसा काठ गाठला, त्याला गाठता आला नाही. पुढच्या वर्षी तू म्हणालास, मी आता शर्यतीत उतरणार नाही, होडी नाम्या घेईल, म्हणजे मी. मला वाटलं, तुझं पोट भरलं असेल. म्हादूचा आणि तुझ्या थांबण्याचा काही संबंध असेल, हे माझ्या मनालाही शिवलं नाही. एकोणीस वर्षांचा होतो मी. माझ्या डोक्यात दुसऱ्या कुणाला जागा नव्हती.

त्या वर्षी तू टोपली घेऊन धक्क्याच्या पायरीवर उभा राहिलास. पंचांच्या मागे लागून तू नवा रिवाज काढला होतास. परत येईल त्या प्रत्येक होडीला एक नारळ, मग ती पहिली असो की शेवटची. अकरा होड्या आणि टोपलीत अकरा नारळ.

आणि मी पहिला आलो, दादा. हे वाक्य मी तुला कधी म्हटलेलं नाही. तुला ते दिसलंच होतं, मग म्हणायचं कशाला, आणि तू म्हणायचं सोडून मी का म्हणायचं. धक्क्याला लागलो तेव्हा मागची होडी अजून किल्ल्याच्याही पलीकडे होती. माझे चारही गडी ओरडत होते, माझे हात सोलून निघाले होते. तू दोन पायऱ्या उतरलास, टोपलीतला एक नारळ उचलून माझ्या हातावर ठेवलास आणि लगेच मान वळवून पाण्याकडे बघायला लागलास.

मी बाजूला उभा राहून बघत होतो. दुसरी होडी आली, तिला तोच नारळ. तिसरीला तोच. कोनगावचे दोघे तर गप्पा मारत, हातात वल्हं आहे याची आठवण झाली तर मारत आले, आणि नारळ घेताना दात काढून हसले. त्यांच्या पाठीवर तू थाप मारलीस आणि शाबास म्हणालास. मी माझ्या कानांनी ऐकलं.

आता हेही ध्यानात घे, की आदल्याच आठवड्यात मी तुला विचारलं होतं, ठाण्याच्या मराठी शाळेत मदतनीस मास्तरची जागा आहे, जाऊ का. तू काही बोलला नव्हतास. आणि मग हातावर नारळ. कामावरून काढलेल्या गड्याच्या हातावर नारळ ठेवतात, हे मी शाळेत शिकलो नव्हतो, बंदरावरच बघितलं होतं. मला वाटलं, हे तुझं उत्तर. जा म्हणतोयस. माझ्या होडीतून उतर, तुला आणि त्या कोनगावच्या रिकामटेकड्यांना सारखंच समजतो, जा. तू कुणाची तरी होडी ओढून घ्यायला पाण्यात उतरला होतास. मी माझा नारळ टोपलीत परत ठेवला, घरून गाठोडं उचललं आणि ओल्या धोतरानिशी स्टेशनाकडे चालू लागलो. पागोट्यासाठीही थांबलो नाही. ते आपल्या गड्यांनी होडीच्या नाळीला, पुढच्या टोकाला गुंडाळलं, असं नंतर ऐकलं.

तेव्हापासून मी ठाण्याचा झालो. नौपाड्यात बिऱ्हाड केलं. तू वर्षातून दोनदा यायचास, फडक्यात सुकट बांधून. शेजारचे खिडकी लावून घ्यायचे आणि तू मुद्दाम त्यांना हाक मारून राम राम करायचास. सुकट घ्यायला मला लाज वाटायची आणि तू गेल्यावर तीच मी तीन दिवस पुरवून खायचो. आपण सगळ्यावर बोलायचो, खाडीच्या गाळावर, वहिनींच्या गुडघ्यावर, माझ्या लग्नावर. त्या दिवसावर नाही. त्याच्याऐवजी आपण रिवाजावर भांडायचो.

मी म्हणायचो, सगळ्यांना सारखंच मिळणार असेल तर कोण कशाला छाती फुटेस्तोवर वल्हं मारील. तू म्हणायचास, "पैला कोन आला ते सगल्यांना दिसतं. त्याला नारल कशाला लागतो?" मी म्हणायचो, नारळ म्हण दादा, नारल नाही, ळ आहे तो. तू म्हणायचास, "तुजा ळ तुज्या शाळेत." बघ, शाळेत मात्र तुला बरोबर म्हणता यायचं. मला चिडवायला.

आणि मी काही चूक बोलत नव्हतो. अजूनही मी तेच म्हणतो, तू गेलास म्हणून मत बदलणार नाही. माझ्या शाळेत बक्षीस समारंभाला पहिल्या मुलाला पुस्तक मिळतं, दुसऱ्याला पाटी, आणि तिसऱ्यापासून टाळ्या वाजवायच्या. शाळा तपासायला येणारे डिपुटीसाहेब एकदा म्हणाले, सगळ्यांनाच थोडी खडीसाखर वाटा. मी म्हटलं, साहेब, खडीसाखर सत्यनारायणाला वाटतात. एका मुलाने पहाटे उठून व्याकरण घोकलं आणि दुसऱ्याने बाकावर झोपा काढल्या, आणि दोघांचंही तोंड सारखंच गोड केलं, तर घोकणाऱ्याला मी काय तोंड दाखवू. तो मुलगा मीच होतो, हे मी साहेबांना सांगितलं नाही.

त्याच समारंभाला तू एकदा आला होतास. मागच्या रांगेत, दाराजवळ बसलास. पुस्तक देऊन झालं, कलेक्टर कचेरीतले पाहुणे उठले, पहिल्या मुलाचे वडील माझा हात धरून बोलत होते, आणि तू तिथूनच विचारलंस, "मास्तर, बाकीची पोरं घरी गेली का?"

लोक हसले. मला वाटलं, चार माणसांत माझी फजिती करतोयस. मी म्हटलं, गेली, आणि रिकाम्या हाताने गेली, म्हणून पुढच्या वर्षी अभ्यास करतील. तू मान हलवलीस आणि सुकटीचं फडकं बाकावर ठेवून निघून गेलास. पुढे महिनाभर मी त्या प्रश्नाला आणखी कडक उत्तरं शोधत होतो. तुला नुसतं तेवढंच विचारायचं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

आणखी एकदाची गोष्ट. मी रजा काढून शर्यत बघायला आलो होतो. सगळ्या होड्या आल्या, नारळ वाटून झाले आणि टोपलीत एक राहिला. मी हसलो. म्हटलं, दादा, इतकी वर्षं झाली, तुला अजून होड्या मोजता येत नाहीत, एक जास्त आणलास. तू टोपलीत बघितलंस, मोठ्याने "सगले आले" म्हणालास, टोपली उचलून डोक्यावर घेतलीस आणि चालू लागलास. मी तुझ्या मागून चालत तुला बेरीज वजाबाकीवर व्याख्यान दिलं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मी मधेच बोलायचं थांबलो, पण कारण विचारलं नाही.

शेवटचं भेटलो तेव्हा तू तापात होतास. ओठ सुकले होते. "नाम्या, नारलाचं पानी दे" म्हणालास. आणि मी, दादा, भांडं तुझ्या ओठाला लावता लावता म्हटलं, नारळाचं. ळ. सवयीने गेलं तोंडातून. तू हसलास आणि कूस वळवलीस. रजा संपली म्हणून मी दुपारच्या गाडीने ठाण्याला आलो आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला. तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं ते. वीस वर्षं माझ्याकडे इतकं काही साठलं होतं, आणि त्यातला मी तुला एक ळ दिला.

तेराव्याला सगळे जेवून उठले आणि हिराजीकाका माझ्याजवळ येऊन बसले. आता पार थकलेत, ऐकूही कमी येतं. मी काही विचारलं नव्हतं. त्यांनीच सुरू केलं.

"तुजा नारल आमाला लय महाग पडला व्हता, मास्तर," ते म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. म्हादू गेला त्या दिवशी तो आला नाही, हे कुणाला कळलंच नव्हतं. तू पहिला आला होतास. तुला खांद्यावर घेतलं होतं, ताशा वाजत होता, सगळा कोळीवाडा तुझ्या मागे, त्यात कुठेतरी मीही. उरलेल्या होड्यांतल्या कुठल्या आल्या, कुठल्या नाहीत, ते बघायला धक्क्यावर माणूस नव्हतं. मिरवणूक म्हादूच्या दारावरून गेली तेव्हा त्याच्या बायकोने वर बघून तुलाच विचारलं, आमचे कुठे राहिले. तू वर, खांद्यावर होतास, डोक्याला पागोटं होतं.

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. पुढच्या वर्षी टोपली आणलीस. होड्या मोजून भागत नाही, त्या परस्पर आपापल्या गावी जातात. म्हणून जेवढ्या निघाल्या तेवढे नारळ, येईल त्याच्या हातावर एक. टोपलीत काही उरलं तर कुणीतरी अजून पाण्यात आहे. ते बक्षीस नव्हतंच. मी वीस वर्षं एका हजेरीपटाशी भांडत होतो, आणि मी तर मास्तर.

"शेवटचा मी आलो," काका म्हणाले. "नारल घेतला. तुजा दादा टोपलीत बगतो तर एक उरला. त्याचा चेहरा असा झाला का मना वाटलं पडतो आता. माज्याच होरीत बसला. म्हादू गेला तिथपासून दिवा गावच्या खाजनापातुर आमी हाका मारत गेलो. भरती उतरली तरी फिरतोच. चिखलात वल्हं खुपसून बगतो."

मी तेव्हा ठाण्यात कोरडं धोतर नेसून एका ओळखीच्याकडे जेवत होतो.

तुम्ही परत आलात तेव्हा वहिनी धक्क्यावर उभ्या होत्या. नारळ परत ठेवताना त्यांनी मला बघितलं होतं, पण तुम्ही का निघालात ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, तो भावोजींचा आहे, ते रागावून ठाण्याला गेले. काकांनी मला शिव्या घातल्या, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि कुठल्या घातल्या तेही सांगितलं. तू मात्र पायरीवर बसलास आणि म्हणालास, "मंग सगले आले." पुढच्या वर्षापासून टोपलीत एक नारळ जास्त टाकायला लागलास. एक उरला म्हणजे सगळे आले. तो एक नाम्याचा.

आणि मी तुला वजाबाकी शिकवत घरापर्यंत आलो होतो.

यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मला राहवेना. मी काकांना विचारलं, दादा त्या दिवशी शर्यतीबद्दल काही बोलला का. मोठ्याने विचारावं लागलं, त्यांना ऐकू येत नाही. दोनदा. तेराव्याला, पंगत उठलेल्या अंगणात, चाळिशीला आलेला मास्तर ओरडून विचारत होता की माझा भाऊ माझ्याबद्दल काही बोलला का.

"बोल्ला ना," काका म्हणाले. "होरीत तेच बोलत व्हता, भ्याला व्हता ना, मंग बोलत सुटला. बोल्ला, आज नाम्याने बांबूपाशी उजवी वल्ही उचलली, डावी पान्यात दाबून धरली, होरी जागच्या जागी फिरली. बांबूला पातं घासलं, पन होरी नाय घासली. मना सहा वर्सांत कंदी जमलं नाय, बोल्ला."

दादा, बांबू धक्क्यावरून दिसत नाही. तुला हे कळलं कसं? मी काकांना विचारलं तर म्हणाले, सकाळीच बांबूजवळच्या चिखलात जाऊन उभा होता, तुला वळताना बघून आडवाटेने पळत धक्क्यावर आला. म्हणून मी लागलो तेव्हा तुला धाप लागली होती. ती मला आठवते आहे. मला वाटलं होतं, टोपली उचलून लागली असेल.

मग मला का नाही सांगितलंस? हिराजीकाकांना सांगितलंस, जे तुला रोज भेटायचे. मी वर्षातून दोनदा समोर बसायचो, सुकट खायचो, तेव्हा तुला जाळं विणायचं असायचं. तुझं मोजणं बरोबर होतं, मान्य. पण मोजलं गेल्याने माझं पोट भरलं नव्हतं. बांबूपाशी मी काय केलं ते कुणीतरी बघितलंय, एवढंच मला हवं होतं, आणि ते तू बघितलं होतंस आणि वीस वर्षं जवळ ठेवलंस. या एका गोष्टीसाठी मी तुला अजून माफ केलेलं नाही. मी तुला नारळाचा राग कळू दिला नाही, तू मला ते वळण सांगितलं नाहीस. दोघेही एकाच आईचे.

काल काका म्हणाले, टोपली तू धर. मी म्हटलं, या वर्षी आपल्या घरी सण नाही. तर म्हणाले, "सन नाय, मोजनी हाय." वहिनी दारातच थांबल्या, टोपली त्यांनी माझ्या हातात दिली. आता नऊच होड्या निघतात. टोपलीत दहा नारळ होते.

दिवा गावचा एक तरणा पोरगा पहिला आला. मी त्याच्या हातावर नारळ ठेवला आणि तुझ्यासारखी मान वळवणार होतो, पण वळवली नाही. आधी डोंबिवलीच्या अंगाला जाऊन मीही चिखलात उभा राहून आलो होतो, दादा, या वयात, धोतर गुडघ्यापर्यंत बरबटून. मी त्याला सांगितलं, की बांबूच्या आधी तू गड्यांना थांबवलंस, पाणी बदलायची वाट बघितलीस आणि भरतीचा पहिला जोर घेतलास, बाकीच्यांना ते सुचलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. पागोटं बांधायला लोक त्याला ओढत होते, तरी तो क्षणभर तिथेच उभा राहिला. मग मी पाण्याकडे तोंड केलं.

दुसरी आली, पाचवी आली, आठवी आली. नववीला फार वेळ लागला. तोवर ताशा कोळीवाड्यात पोचला होता. धक्क्यावर मी, काका आणि दोनचार बायका. शेवटी तीही आली, म्हाताऱ्या माणसांची, हळूहळू, भांडत. त्यांना नारळ दिला.

टोपलीत एक राहिला.

सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणायचं ते मला ठाऊक होतं, पण दीड महिना सगळं बोलणारी जीभ उचलेना. काका म्हणाले, "बोल." मी म्हटलं, "सगले आले." तसंच आलं, ल लावून. कुणी हसलं नाही. मग काका म्हणाले, "घे आता तुजा," आणि मी वाकून तो नारळ उचलला.

टोपली रिकामी झाली. म्हणजे पाण्यात कोणी राहिलेलं नाही. काकांना बायकांनी घरी नेलं, वहिनींनी दोनदा निरोप पाठवला. तरी, दादा, मी नारळ हातात धरून पायरीवर उभाच होतो, वळणाकडे बघत, भरती पुरी चढेपर्यंत.